बुधवारची वही

जव्हारच्या आमच्या घरात रेडिओ एकच आणि तो आजोबांचा. बुधवारी रात्री आठला मात्र तो आम्हा चुलत-आत्ते भावंडांचा होई. रेडिओ सिलोन हे केंद्र लागायला वेळ लागायचा, पावसाळ्यात तर खरखरच जास्त. ‘गीतमाला’ हा सिनेगीतांचा कार्यक्रम सादर करणाऱ्या अमीन सायानींचा आवाज आला की आजीसुद्धा हातातलं काम ठेवून दाराशी येऊन बसायची.

गीतमाला सुरू झाली 1952 च्या डिसेंबरात. त्याच वर्षी नभोवाणी खातं हाती घेतलेल्या बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवर सिनेगीतांची वाट अडवली आणि सगळा देश सिलोनकडे वळला. 1957 मध्ये विविध भारती आली, तरी आमचा बुधवार सिलोनचाच राहिला. रेकॉर्डचा खप आणि गावोगावच्या श्रोता संघांची पत्रं यांवरून गाण्यांची पायदानं, म्हणजे क्रमांक ठरत. थोरला दादा ती वहीत उतरवून ठेवायचा. आत्या मोखाड्याला दिलेली, तिच्या सासरी रेडिओ नव्हता. माहेरपणाला एसटीतून उतरली की पाणी पिण्याआधी ती वही मागायची. कोणतं गाणं वर चढलं, कोणतं घसरलं, यावर रात्र रात्र वाद चालत आणि निकाल बहुधा आजी देई.

मग टेपरेकॉर्डर आला. 1980 च्या ‘कुर्बानी’त पंधरा वर्षांची नाझिया हसन गायली आणि पुढच्याच वर्षी तिचा ‘डिस्को दिवाने’ हा अल्बम निघाला. सिनेमाच नाही, मग हे गाणं कुणावर चित्रित झालंय, असा प्रश्न आम्हा पोरांना पडला. आजीला त्यात काहीच नवल वाटलं नाही. तिने गजानन वाटव्यांची भावगीतं ऐकली होती. सिनेमाशिवाय गाणं घराघरांत जातं, हे मराठी माणसाला अल्बमच्या कितीतरी आधी ठाऊक होतं.

1995 मध्ये अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ धाकट्यांनी डोक्यावर घेतलं. आमच्या घरातला खरा अल्बम मात्र ‘गारवा’. साल 1998. सौमित्रच्या कविता, मिलिंद इंगळेंचं संगीत आणि त्यांचाच आवाज. जव्हारचा पाऊस एकदा धरला की सुटत नाही. धुक्यात समोरचं घर दिसत नाही, वीज जाते, वाळत घातलेले कपडे वाळत नाहीत. अशा दिवसांत सेल घालून ती कॅसेट चाले. पावसाला वैतागलेली आईसुद्धा तेवढा वेळ खिडकी उघडी ठेवायची. इतर गावांत ते पावसाचं गाणं असेल, आमच्याकडे ते घरच्या हवेचं गाणं होतं. त्यानंतरचा एकही अल्बम आम्ही सगळ्यांनी मिळून तसा ऐकला नाही.

गाणं आमच्या भागात खरंच चाललं का, याचा निकाल मात्र लग्नात लागे. बेंजोवाल्यांनी चाल उचलली की ते गाणं गावाचं झालं. 2016 मध्ये सिनेमातल्या ‘झिंगाट’चं तसंच झालं. 2024 मध्ये जळगावकडच्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ आलं. हे मात्र सिनेमाशिवायचं. भाचीने ते आत्याला फोनवर ऐकवलं आणि आत्याने पहिला प्रश्न केला, ‘‘कितव्या पायदानावर आहे गं?’’

दादाच्या वहीत एका वाद्याला कधीच जागा मिळाली नाही, कारण ते कुठल्या केंद्रावरून वाजत नव्हतं. भात पिकायला लागलं की पाड्यांवरून रात्री तारप्याचा आवाज येई. वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानाचा कर्णा. तारपकरी मध्ये, त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेला हात घालून फेर धरलेले नाचणारे. त्याच्याकडे कुणी पाठ करायची नाही. वारली लग्नात धवलेरीने, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईने, गाणी म्हटल्याशिवाय लग्न लागत नाही. आमच्या डोंगरातलं हे संगीत सगळ्या पायदानांच्या आधीचं आहे आणि माझ्या मते त्यांच्याहून मोठं.

जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या घराच्या व्हॉट्सअॅप गटावर दिवसभर तेवढाच विषय होता. म्हणून घरातल्या पोरांना सांगणं आहे, नवी गाणी जरूर ऐका, नाचा. पण येत्या भातकापणीला एखाद्या म्हाताऱ्या तारपकऱ्याकडे जा, त्याला विचारून त्याचं वादन फोनमध्ये भरून घ्या आणि त्याखाली त्याचं नाव-गाव नीट लिहा.