दामले आले नाहीत

एकांकिका स्पर्धांचा मोसम जवळ आला की कॉलेजची मुलं संहिता घेऊन येतात आणि सोबत व्यक्तिरेखांच्या टिपणांची वहीही आणतात. वहीत काय असणार ते आता मला पाठ झालंय. लीला बेणारे : बिनधास्त, बंडखोर, आतून एकाकी. काशीकर : ढोंगी. सुखात्मे : कावेबाज. आशय : पुरुषप्रधान समाजव्यवस्था. यातलं काहीच खोटं नाही आणि तालमीत यातलं काहीच कामाला येत नाही. 'बंडखोरपणे एन्ट्री घे' असं मी कुठल्या मुलीला सांगू? ती हनुवटी वर करणार, आवाज चढवणार आणि पहिल्या पाच मिनिटांतच सगळा दारूगोळा संपवून बसणार.

म्हणून मी वही मिटायला लावते आणि हातात तांबडी पेन्सिल देते. जो माणूस नाटकात येतच नाही, पण ज्याचं नाव निघतं, त्याच्या नावाखाली रेघ ओढायची. ते नाव कोणी घेतलं, कोणासमोर घेतलं, आणि ते निघाल्यावर विषय कोणी बदलला, एवढं समासात लिहायचं. पहिल्या दिवशी बाकी काही नाही. मुलांना वाटतं, ताई टाळताहेत. पण नाटक वाचायची माझी रीत हीच आहे, आणि सगळ्या नाही तरी बऱ्याच संहिता तिने उलगडतात.

या कामाला विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'सारखं नाटक नाही. 1967 साली 'रंगायन'ने ते रंगमंचावर आणलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, बेणारे सुलभा देशपांडे. मुंबईची एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला एका गावात येते. रात्रीचा खटला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर, अण्वस्त्रांच्या पापाबद्दल. दुपार मोकळी आहे, गावातल्या सामंताने कोर्ट कधी पाहिलेलं नाही, म्हणून त्याला दाखवायला एक लुटुपुटीचा खटला खेळायचं ठरतं. आरोपी कोण, हे बेणारेबाई तोंड धुवायला आत गेलेल्या असताना ठरतं. हा भाग थट्टामस्करीत जातो, त्यामुळे मुलं तो सपाट्याने वाचतात. मी तिथे थांबवते. आरोपीची निवड आरोपीच्या गैरहजेरीत झाली, हे एकदा नीट कानांवर पडू द्या.

आता तांबड्या रेघा. या मंडळीत प्राध्यापक दामले आहेत. आरोपीचा वकील ही त्यांची नेहमीची भूमिका, आणि आज ते आलेले नाहीत. रावतेही आजारी, म्हणून चौथ्या साक्षीदाराच्या जागी सामंताला उभं करायचं. दामल्यांच्या गैरहजेरीने कोणाचं काही अडत नाही, कारण सुखात्मे आपण होऊन सांगतात की फिर्यादीची बाजूही मीच मांडतो आणि आरोपीचीही. मंडळी खूश. पहिल्यांदा वाचताना ही नुसती प्रयोगाची अडचण वाटते. हौशी नाटकात असं होतंच, ऐनवेळी कोणीतरी टांग देतं. पण जिच्या पोटात दामल्यांचं मूल आहे, तिच्या बचावाची खुर्ची दामल्यांनीच रिकामी ठेवलेली आहे, आणि त्या खुर्चीत तिच्यावर आरोप ठेवणारा माणूस जाऊन बसतो. तेंडुलकरांनी ही गोष्ट कुणाच्या तोंडी घातलेली नाही. ती फक्त बसायच्या जागांमध्ये ठेवली आहे.

एका गटाने हे नाटक बसवलं तेव्हा सुखात्मे करणारा मुलगा भलताच तयारीचा होता. फिर्यादीचं भाषण झोकात संपवून तो उठायचा, दोन पावलं चालून दुसऱ्या स्टुलावर बसायचा आणि खांदे पाडून रडवेल्या आवाजात बचावाला सुरुवात करायचा. हॉलमध्ये हशा. हसू यावं अशीच ती जागा आहे, ते मी मुळीच कापलं नाही. फक्त बेणारे करणाऱ्या मुलीला विचारलं, "तू आत्ता कुठे बघत होतीस?"

"सुखात्मेकडे."

"तो उठून चालायला लागतो तेव्हा ते स्टूल अजून रिकामं असतं. कोण बसायचं तिथे एरवी?"

ती काही बोलली नाही. पुढच्या वेळी तिने मुलगा पोहोचायच्या आधी स्टुलाकडे पाहिलं, तो बसला तशी नजर काढून घेतली आणि मांडीवरची पर्स पोटाशी ओढली. पर्सचं मी सांगितलं नव्हतं. त्या पर्समध्ये टिक-20 ची बाटली आहे हे प्रेक्षकाला पुढे कळणार असतं. मुलीच्या हातांना ते आधीच कळलं. हशा तसाच आला, पण त्यातले दोन-तीन आवाज मध्येच थांबले. मला व्यक्तिरेखेचा अभ्यास म्हणून जे अभिप्रेत आहे, ते एवढंच.

रिकाम्या जागेचा धागा धरून पुढे गेलं की आशयही हाताला लागतो, आणि तो 'पुरुषप्रधान व्यवस्था' या शिक्क्यापेक्षा बराच धारदार निघतो. या कोर्टात प्रत्येकजण जागा बदलतो. फिर्यादीचा वकील आरोपीचा वकील होतो. पट्टेवाला रोकडे साक्षीदार होतो. ज्याने कोर्ट कधी पाहिलं नाही तो सामंत प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होतो आणि हातातल्या कादंबरीतून साक्ष देतो, तरी ती खऱ्याला जाऊन भिडते. खुद्द न्यायाधीश काशीकर आसनावरून उतरून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येतात आणि शाळेच्या अध्यक्षांच्या घरी कानावर आलेलं सांगतात : या बाईला नोकरीवरून काढणार आहेत. सगळ्यांना हवी ती भूमिका हवी तेव्हा घेता येते. एकट्या आरोपीलाच आपली जागा सोडता येत नाही. ती दाराकडे जाते तर बाहेरून कडी लागलेली. पडदा उघडतो तेव्हा याच दाराच्या कडीत तिचं बोट सापडलेलं असतं. त्या वेळी ती बोट तोंडात घालून हसते, आणि आपणही. शेवटी निकाल लागतो तोही असाच फिरलेला. आरोप भ्रूणहत्येचा, आणि शिक्षा काय, तर पोटातला गर्भ नष्ट करावा.

एका मुलाने एकदा हिशेबी शंका काढली होती. "ताई, दामले आणले असते तर आणखी एका नटाचा प्रवासखर्च वाढला असता. लेखकाने तेवढंच बघितलं असेल." शंका वाईट नाही. नाटकं खर्चाकडे बघूनही लिहिली जातात. पण दामले रंगमंचावर आले असते असं क्षणभर धरून चाला. ते खोटं बोलले असते किंवा पाया पडले असते, प्रेक्षकांनी सगळा राग त्यांच्यावर काढला असता आणि शांत मनाने घरी जाऊन जेवले असते. न आल्यामुळे दामले सुटतात, आणि ते सुटल्यामुळेच बाकीचे सापडतात. उरलेल्यांनी काय केलं एवढंच बघायला उरतं : वकिली न चाललेला सुखात्मे, इंटर नापास झालेला पोंक्षे, मूलबाळ नसलेलं काशीकर दांपत्य. बेणारे सुरुवातीलाच सामंतापाशी या सगळ्यांची टर उडवते. पुढच्या खटल्यातली फिर्याद तिथूनच सुरू झालेली असते.

शेवटचं स्वगत मात्र मी मुलींना लवकर हातात घेऊ देत नाही. निवड-चाचणीला येणाऱ्या दहातल्या सहा जणी तेच पाठ करून येतात आणि पहिल्या ओळीलाच डोळ्यांत पाणी आणतात. माझ्या मते स्पर्धांनी या स्वगताचं वाटोळं केलं आहे. कोर्ट तिला बोलायला दहा सेकंद देतं. बाकीचे गोठून जातात. ती बोलते ते कुणालाही ऐकू गेलंय का, हे नाटक उघडच ठेवतं. अशा ठिकाणी पल्लेदार आवाज लावून टाळी घेणं म्हणजे ते सगळ्यांनी ऐकलं असं परस्पर जाहीर करणं.

सिनेमात ही रीत अडखळते, कारण कॅमेऱ्याला रिकामी जागा सोसत नाही. ज्याचं नाव निघतं तो दाखवावासा वाटतो. जब्बार पटेल यांच्या 'सामना'ची (1974) पटकथाही तेंडुलकरांचीच, आणि तिथे नाहीसा झालेला माणूस आहे मारुती कांबळे. तो पडद्यावर दिसतो, मोहन आगाशे यांनी केलाय, पण दिसतो तो सरलेल्या काळात. चालू काळात त्याच्या जागी फक्त एक प्रश्न आहे, त्याचं पुढे काय झालं हा. तो प्रश्न विचारणारा मास्तर दारुडा, दुसऱ्याच्या घरात फुकट राहिलेला. उत्तर माहीत असणारा हिंदुराव धोंडे पाटील गावाचा, कारखान्याचा मालक. श्रीराम लागू तो प्रश्न आधी पिणाऱ्याच्या बरळण्यासारखा टाकतात आणि पुढे त्याच प्रश्नाला हळूहळू धार येते. मुलं लागूंकडे बघतात, ते साहजिक आहे. मी त्यांना निळू फुल्यांकडे बघायला सांगते. प्रश्न आल्यावर हिंदुरावाचा पाहुणचार कसा वाढत जातो ते बघा. खलनायक डोळे वटारून करायचा असतो असं वाटणाऱ्या कुठल्याही नटाने हा सिनेमा आवाज बंद करूनही एकदा पाहावा.

महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त (विजया मेहतांनी 1985 साली बसवलेलं) न येणारे म्हणजे तात्याजी. ते वारलेले आहेत आणि त्यांच्या तेराव्यासाठी विदर्भातल्या धरणगावच्या वाड्यात सगळं घर गोळा झालं आहे. इथे रेघांनी पानंच्या पानं तांबडी होतात, कारण जेवणावळीपासून दागिन्यांपर्यंत प्रत्येक भांडण तात्याजींच्या नावाने चालतं. पण एक पात्र त्यांना मेलेलं धरतच नाही. ती म्हणजे त्यांची म्हातारी आई, दादी. ती पुन्हा पुन्हा त्यांनाच हाक मारून किती वाजले ते विचारते. दादीचं काम बहुधा गटातल्या सगळ्यात नवख्या मुलीच्या गळ्यात पडतं, कारण वाक्यं थोडी. खरं तर ते सगळ्यात जाणत्या नटीला द्यावं. वाड्यातला काळ थांबलाय हे बाकीचे एकमेकांना पटवून सांगत असतात; दादीला ते नुसतं विचारायचं असतं, जणू आतल्या खोलीतून आत्ता उत्तर येणार आहे.

सगळीकडे ही पेन्सिल चालत नाही, हेही सांगून ठेवते. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'ला (1919) ती लावून पाहिली तर हाती फारसं काही लागत नाही. सिंधू, सुधाकर, तळीराम, ज्यांचं जे व्हायचं ते बहुतेक डोळ्यांदेखत होतं. तिथे भाषेचा पल्ला आणि तळीरामाचा विनोद किती वेळ गोड लागतो, आणि कुठे नकोसा होतो, हे कानांनी पकडावं लागतं. नाटकागणिक हत्यार बदलायचं. एकाच चावीने सगळी कुलपं उघडू पाहणारा समीक्षक होईल कदाचित, दिग्दर्शक होणार नाही.

यंदा कोणी 'शांतता' बसवत असेल तर त्यांना एक विनंती. ते दुसरं स्टूल काढू नका. जागा लहान आहे, सामान टेम्पोत मावत नाही, अशा सबबीखाली सुखात्म्याला एकाच जागेवरून दोन्ही बाजू बोलायला लावणारे प्रयोग मी पाहिले आहेत. त्यात विनोद शिल्लक राहतो, नाटक राहत नाही. टेम्पोत जागा कमी पडली तर न्यायाधीशाचं टेबल घरी ठेवा, पण ते स्टूल न्या.