कूपन न विचारणारी पंगत



या पानावर आम्ही फुटबॉलविषयी कधी लिहू असे आम्हालाही वाटले नव्हते. तेही अमेरिकन फुटबॉलविषयी, ज्यात चेंडू पायापेक्षा हातातच जास्त असतो. पण 2019 च्या नोव्हेंबरमधला एक शनिवार आम्हा दोघा नवरा-बायकोच्या मनातून अजून जात नाही, आणि त्याचे कारण खेळ नाही.

आमचे थोरले दादा शिकागोजवळ राहतात. त्यांची मुलगी तेव्हा इंडियाना राज्यातल्या साऊथ बेंड इथे नोत्र दाम विद्यापीठात शिकत होती. आम्ही पहिल्यांदाच अमेरिकेला गेलो होतो. पुतणीने हट्टच धरला, "काका, काकी, कॉलेजचा सामना बघितल्याशिवाय परत जायचं नाही." सामना नेव्हीशी, म्हणजे अमेरिकन नौदल अकादमीच्या संघाशी होता. या मैदानावर 1973 पासून सलग 273 सामन्यांची सगळी तिकिटे विकली गेली होती. ती साखळी नेमकी त्या दिवशी तुटली. म्हणजे आमच्यासारख्यांना तिकीट मिळाले यात आमचे काही पुण्य नव्हते.

पहाटे साडेसहाला निघालो. अंतर जेमतेम दीडशे किलोमीटर. वाटेत घड्याळ एक तास पुढे सरकते, कारण शिकागोची वेळ वेगळी आणि साऊथ बेंडची वेगळी. त्यामुळे पोहोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. सामना दुपारी अडीचला होता. आम्ही म्हटले, पाच तास आधी येऊन करायचे काय? दादा हसले. "सामना नंतर. आधी टेलगेट."

टेलगेट म्हणजे गाडीच्या मागची फळी. ती खाली पाडायची, तिचेच टेबल करायचे, शेजारी शेगडी पेटवायची आणि सामन्याआधी तिथेच रांधून खायचे. एवढ्यासाठी लोक दूरदूरहून येतात. पार्किंगची मैदानेच्या मैदाने भरलेली होती. तंबू, झेंडे, घडीच्या खुर्च्या, बर्फाचे डबे, मक्याच्या दाण्यांच्या पिशव्या फळीतल्या भोकात टाकायचा खेळ, आणि सगळीकडे भाजलेल्या मांसाचा धूर. आम्हाला आपल्याकडच्या फेस्ताच्या आदल्या रात्रीची आठवण झाली. चर्चच्या मागे चुली पेटलेल्या असतात, कांदा चिरणाऱ्यांचे डोळे पाझरत असतात आणि कुणीतरी उगाचच मोठ्याने हुकूम सोडत असतो, तसेच काहीसे.

अर्थात हे काही स्वर्गराज्य नव्हते. बियर सकाळपासून चालू होती. काही तरुण पोरांचे पाय दहालाच लटपटत होते. गाडी लावायला जे पैसे मोजावे लागले त्यात आमच्याकडे एका घराचा महिन्याचा बाजार झाला असता. आणि कचऱ्याच्या पिंपांत गेलेले अन्न बघून आमच्यापैकी एकीला राहवेना. तिने दोनदा पुतणीला विचारले, "हे सगळं टाकतात?"

आमच्याकडे तंबू नव्हता. वहिनींनी चपात्या आणि सुके चिकन बांधून दिले होते. बेळगावहून नेलेल्या कुंद्याचा अर्धा डबाही होता. डिकी उघडून आम्ही उभ्या-उभ्याच खायला सुरुवात केली. शेजारी नेव्हीचे निळे स्वेटर घातलेले एक मोठे कुटुंब होते, म्हणजे त्या दिवशीचे आमचे विरोधी. त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ शेगडीपाशी होते. आमच्याकडे बघून त्यांनी हात केला आणि विचारले, तुमच्या प्लेटा कुठे आहेत? आम्हाला वाटले, काही चुकले की काय. मग कळले, ते जेवायला बोलावत होते.

आम्ही गेलो. सॉसेज, पाव, वाटीत घट्ट शिजवलेला राजमा-खिमा. आणि प्लेट हातात येताच आमच्यापैकी एकाने खिशातून पाकीट काढले आणि विचारले, "किती झाले?"

ते गृहस्थ क्षणभर गोंधळले. पुतणी कानाशी लागली, "काका, असं विचारू नका." त्यांनी पाकिटाकडे पाहून न पाहिल्यासारखे केले, चिमट्याने आणखी एक सॉसेज प्लेटमध्ये ठेवले आणि म्हणाले, खा, थंड होईल. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. दोघांनाही एकच गोष्ट आठवली होती, पण त्या वेळी कोणी काही बोलले नाही.

कुंद्याचा डबा आम्ही त्यांच्या टेबलावर ठेवला. तो पाच मिनिटांत संपला. त्यांच्या नातीने बोटाने डबा पुसला, तेव्हा आमच्या मनावरचे ओझे थोडे हलके झाले.

खाता-खाता त्या गृहस्थांनी या सामन्याची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात तरुण मुले सैन्यात गेली, कॉलेजे ओस पडू लागली. नोत्र दामसारख्या खासगी कॅथलिक विद्यापीठाला ते झेपणारे नव्हते. तेव्हा नौदलाने तिथे अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण सुरू केले. हजारो तरुण तिथे शिकून गेले आणि विद्यापीठ तगले. त्याची आठवण म्हणून नोत्र दामने नेव्हीला सांगून ठेवले आहे की तुम्हाला हवे तोवर आपण दर वर्षी खेळू. दोघांचे सामने 1927 पासून चालत आले होते. यातली आम्हाला भिडलेली बाब वेगळीच होती. 1964 ते 2006 या काळात नेव्ही सलग 43 वेळा हरले. तरीही बोलावणे थांबले नाही आणि नेव्हीने यायचेही थांबवले नाही. "आम्ही हरायला येतो," ते डोळे मिचकावत म्हणाले, "आणि जेवायला."

या विद्यापीठाची स्वतःची गोष्टही अशीच आहे. 1842 मध्ये फादर एडवर्ड सोरिन आणि होली क्रॉसच्या काही बंधूंनी ते जंगलात सुरू केले. अमेरिकेत तेव्हा कॅथलिकांना, विशेषतः गरीब आयरिश स्थलांतरितांना, फारसा मान नव्हता. 1924 मध्ये कू क्लक्स क्लॅनचे लोक साऊथ बेंडमध्ये जमले तेव्हा विद्यार्थ्यांची त्यांच्याशी रस्त्यावर झटापट झाली. 'फायटिंग आयरिश' हे नाव आधी हिणवण्यासाठीही वापरले जाई. 1927 मध्ये विद्यापीठाने तेच नाव अधिकृतपणे आपले केले. ज्यांनी या कॉलेजची पायरीही कधी चढली नाही असे कितीतरी गिरणी कामगार, मोलकरणी, ट्रामचालक या संघाला आपला मानत. आमच्यासारख्या, गावात मूठभर असणाऱ्या ख्रिस्ती माणसांना हे समजायला फार वेळ लागत नाही. आपला कुणीतरी जिंकला की शेजाऱ्यांसमोर मान थोडी वर होते.

जेवण झाल्यावर पुतणीने परिसर दाखवला. मुख्य इमारतीचा सोन्याचा घुमट आणि त्यावर उभी पवित्र मरिया. लूर्दच्या गुहेची 1896 मध्ये बांधलेली छोटी प्रतिकृती. तिथे संघाच्या जर्सी घातलेली माणसे गुडघे टेकून मेणबत्त्या लावत होती. ग्रंथालयाच्या भिंतीवर शिक्षक प्रभू येशूचे प्रचंड चित्र आहे, दोन्ही हात उंचावलेले. पंच टचडाऊनची खूण अगदी तशीच करतो, म्हणून सगळे त्याला 'टचडाऊन जीझस' म्हणतात. आम्हाला आधी ते नाव रुचले नाही. नंतर वाटले, आपल्याकडे तरी लोक मोत मावलीला किती लाडाने काय-काय म्हणतात.

सामन्याबद्दल फार सांगण्यासारखे आमच्याजवळ नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे, एवढे कळले. बाकी सगळे ओरडले की आम्ही ओरडत होतो. नोत्र दाम 52, नेव्ही 20. शेवटी मात्र कुणी लगेच उठून गेले नाही. दोन्ही संघ आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला एकत्र उभे राहिले आणि एकमेकांची कॉलेजगीते संपेपर्यंत थांबले. हरलेले आणि जिंकलेले खांद्याला खांदा लावून उभे होते. घामाने भिजलेले ते उंच मुलगे थंडीत कुडकुडत होते.

बाहेर अंधार पडला होता. विद्यापीठाच्या बॅसिलिकात सामन्यानंतर रविवारची मिस्सा असते, तिथे आम्ही गेलो. आत दाटी होती. निळे स्वेटर, हिरव्या टोप्या, अंगाला धुराचा वास. सामान्य काळातला तेहतिसावा रविवार. दुसरे वाचन सुरू झाले आणि आम्ही दोघेही ताठ झालो. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रातला तो भाग, ज्यात संत पौल सांगतो की ज्याला काम करायचे नाही त्याने जेवूही नये.

हे वचन आम्हाला चांगले ठाऊक होते. त्याच वर्षी मे महिन्यात आमच्या धर्मग्रामाच्या फेस्ताच्या तयारीच्या सभेत ते आम्हीच सांगितले होते. प्रश्न जेवणाचा होता. आदल्या वर्षी खर्च आटोक्याबाहेर गेला होता. आम्ही म्हटले, शंभर रुपयांचे कूपन ठेवू, एका कूपनाला एक ताट, पाच वर्षांवरच्या मुलांनाही वेगळे कूपन. कुणीतरी हळूच म्हणाले, काहींना जड जाईल. तेव्हा आम्ही संत पौलाचा आधार घेतला. धर्मशिक्षकाने वचन काढले की सभा गप्प बसते.

फेस्ताच्या दिवशी कूपनच्या टेबलावर आम्ही दोघेच होतो. वीटभट्टीवर काम करणारी एक विधवा बाई आली, दोन मुलांना घेऊन. तिच्या हातात एकच कूपन होते. म्हणाली, "बाई, तिघं एकाच ताटात खातो. जास्तीचं मागणार नाही." मागे रांग लागली होती. ऊन होते. आम्ही म्हटले, "नियम सगळ्यांना सारखा." ती भांडली नाही. कूपन टेबलावर ठेवले, मुलांचे हात धरले आणि गेटबाहेर गेली. धाकटा मंडपाकडे वळून-वळून बघत होता.

संध्याकाळी हिशेब केला तेव्हा शंभर रुपये जास्त भरले. पुलावाचे दीड पातेले उरले, ते रात्री आंबले. पुढच्या सभेत हिशेब चोख ठेवल्याबद्दल आमचे कौतुक झाले.

बॅसिलिकात उभ्या-उभ्या हे सगळे पुन्हा समोर आले. पौलाने जे लिहिले ते काम करायची तयारीच नसलेल्यांसाठी, इतरांच्या कामात लुडबुड करत फिरणाऱ्यांसाठी. ती बाई पहाटे पाचपासून विटा वाहते. वचन खरेच होते, आम्ही ते चुकीच्या दारावर टांगले होते. त्यानंतर लूकच्या शुभवर्तमानातला भाग आला. मंदिराचे सुंदर दगड बघून लोक हरखून जातात आणि प्रभू सांगतो की यातला दगडावर दगड राहणार नाही. सत्तर-पंचाहत्तर हजारांचे ते मैदान आम्ही नुकतेच डोळे विस्फारून पाहून आलो होतो.

तो जागतिक गरीब दिनाचा रविवार होता. पोप फ्रान्सिस यांनी हा दिवस 2017 पासून पाळायला सुरुवात केली. व्हॅटिकनमध्ये त्या रविवारी ते सुमारे 1500 गरिबांसोबत जेवायला बसले, हे आम्ही नंतर दादांच्या घरी फोनवर वाचले. परतीच्या वाटेवर गाडीत कोणी फारसे बोलत नव्हते. दादांना वाटले आम्ही थकलो.

परत आल्यावर कूपनांचा विषय आम्ही पॅरिश कौन्सिलपुढे मांडला. सोपे गेले नाही. "तुम्हीच तर आणलं होतं," असे एकाने म्हटलेच, आणि ते बरोबर होते. 2020 मध्ये तर टाळेबंदीमुळे फेस्ताचे जेवणच झाले नाही. त्यानंतर पुन्हा सुरू झाले तेव्हा कूपन राहिले, पण बारा वर्षांखालच्यांना ते नाही. आणि स्वयंपाकाच्या बाजूला एक टेबल असते, जिथे कुणालाच काही विचारत नाहीत. त्या टेबलाचा खर्च कुठून भागवायचा यावर दर वर्षी वाद होतो. यंदाही झाला.

पण त्याआधी, 2020 च्या जानेवारीत, आम्ही त्या बाईच्या घरी गेलो होतो. शंभराची एक नोट पाकिटात वेगळी काढून ठेवली होती. माफी कशी मागायची हे वाटेत दोनदा ठरवले आणि दोनदा बदलले. तिने पाट दिले, कोरा चहा ठेवला. आम्ही म्हटले, "त्या फेस्ताच्या दिवशी आमचं चुकलं." ती चुलीकडे बघत म्हणाली, "असू दे, बाई. रांग मोठी होती." मग तिनेच विषय बदलला. "अमेरिकेला गेला होता म्हणे. तिथं काय असतं जेवायला?"

आम्ही मैदानाबद्दल सांगितले, गाड्यांच्या फळ्यांबद्दल, धुराबद्दल आणि निळ्या स्वेटरमधल्या त्या आजोबांबद्दल. मुले ऐकत होती. धाकट्याने विचारले, "मग पैसे कुणी दिले?"

"त्यांनीच."

"सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे," आम्ही म्हटले.

त्याने आईकडे पाहिले. तिने आमच्यासमोर चहाचे पेले ठेवले आणि एका बशीत चार बिस्किटे. आम्ही दोन घेतली. ती म्हणाली, "घ्या की सगळी." आम्ही सगळी घेतली. नोट पाकिटातच राहिली.