चुकलेला नेम

काव्यशास्त्राच्या तासाला क्रौंचवधाची कथा आम्ही दरवर्षी सांगतो. बाण सुटतो, पक्षी पडतो, शोकाचा श्लोक होतो. जो बाण लागलाच नाही त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र आम्हांला कधी पडला नव्हता. तो पडला ब्रिटनमधील शिकारीविषयी वाचताना.

तिथे फेझंट आणि तित्तिर मारण्यासाठी प्रामुख्याने शिशाचे छर्रे वापरतात. नेम चुकला की ते रानात विखुरतात. दाणे दळण्यासाठी पक्षी खडे गिळतात. खडा समजून छर्राही गिळतात. पेषणीत शिसे झिजते, रक्तात उतरते आणि शिकाऱ्याच्या नजरेआड पक्षी मरतो.

२०२० मध्ये तिथल्या ९ संघटनांनी पाच वर्षांत शिसे स्वेच्छेने सोडण्याचा संकल्प केला. २०२०-२१ च्या हंगामात अभ्यासकांना छर्रे सापडलेल्या १८० फेझंटांपैकी १७९ मध्ये शिसेच निघाले. पाचव्या हंगामातही चित्र जवळपास तेच होते. डेन्मार्कने १९९६ मध्येच शिशाच्या छर्र्यांवर बंदी घातली होती. पोलादी छर्रे आले, शिकार चालूच राहिली. अखेर जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारनेही तीन वर्षांच्या मुदतीसह बंदी जाहीर केली.

तो संकल्प खोटा होता, असे आम्ही म्हणणार नाही. मरण दिसले नाही की सवय मोडत नाही. वाल्मीकींचा शापही डोळ्यांदेखत पडलेल्या पक्ष्यासाठीच होता. न दिसलेल्या पक्ष्याला आपला शोक पोचत नाही. त्याला कायदाच लागतो. यंदा त्या तासाला एवढे तरी सांगायला हवे.