छोटी लाईन

आजी धमतरीची, लग्नानंतरची सारी वर्षं मात्र रायपूरच्या समता कॉलोनीत गेली. माहेरी जायचं तर ती कुणाला विचारत नसे. बस तिला लागायची. रिक्षानं तेलीबांधा स्टेशन गाठायचं, तिकीट काढायचं आणि ‘छोट्या लाईनी’त बसायचं. बंगाल नागपूर रेल्वेनं १९०० साली सुरू केलेली, अडीच फुटी रुळांवरची ही गाडी. चाल बैलगाडीची, पण आजीला थेट तिच्या गावात सोडायची.

मी मात्र या गाडीवर चिडायचे. शंकरनगरला नोकरीवर जाताना फाटक बंद दिसलं की उशीर ठरलेला. २०१७ मध्ये तेलीबांध्याहून गाडी सुटणं थांबलं. रूळ निघाले, त्याच पट्ट्यावर एक्सप्रेसवे झाला. मला बरंच वाटलं.

परवा आजीला कारनं धमतरीला नेत होते. “तेलीबांधा आलं की सांग गं,” ती म्हणाली. मी सांगेपर्यंत ते मागे पडलं होतं.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तेव्हा माझी मी जायचे. आता तुला सुट्टी असेल तेव्हा.”

पुढच्या खेपेची तारीख मी तिथेच तिला सांगून टाकली.