किनाऱ्यावरून आईला

रेवदंडा, रविवार रात्री

प्रिय आई,

चिमी, हे पत्र आजीला सावकाश वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

फोनवर तू 'जेवलीस ना?' एवढं विचारून ठेवून देतेस, म्हणून लिहिते आहे. वहिनी थेंब घालायला आली की डोळा घट्ट मिटून घेऊ नकोस. ऑपरेशनच्या आधी दोन दिवस मी नक्की पोचते.

कुलाबा किल्ला भरतीमुळे लांबूनच पाहिला. मला ओढ होती खंडाळ्याची, अलिबागजवळच्या. तिथे उघड्यावर एक खडक आहे आणि त्यावर चाकोरीसारख्या खुणा. प्रेषित एलियाहू हनाबी स्वर्गात जाताना त्यांचा रथ इथे टेकला, असं बेने इस्राएली ज्यू लोक मानतात. तुझ्या माहेरी ज्यांना शनिवार तेली म्हणायचे, तीच ही मंडळी. घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं आणि त्यातून सात जोडपी वाचली, तेच आपले पूर्वज, असं ती सांगतात. आडनावं बघ: किहीमकर, रोहेकर, पेणकर. १९४८ नंतर बहुतेक सगळे इस्राएलला गेले.

दुपारच्या उन्हात खडक नुसता सपाट दिसत होता. चारनंतर ऊन तिरकं झालं, तेव्हा कुठे खुणा उमटल्या. तोवर एक आजी भेटल्या, तुझ्याच वयाच्या, इस्राएलमधल्या डिमोनाहून आलेल्या. नातवाचा नवस फेडायचा होता. नातवाला मराठीचं अक्षर येत नाही, आणि आजी मात्र आपल्या आत्यासारख्या बोलतात. मलिद्याचं ताट मांडलं होतं: भिजवलेले पोहे, खोवलेलं खोबरं, साखर, वेलदोडा, वर बदाम-बेदाणे, बाजूला फळं. प्रार्थना झाल्यावर मी कॅमेरा उचलला, तर म्हणाल्या, "आधी खा." आई, त्या पोह्यांचा दाणा न् दाणा सुटा होता. आपले नेहमी गिचका होतात. पाणी जास्त पडतं आपल्याकडून.

जेरुसलेम तुम्हाला इतकं जवळ, मग एवढ्या लांब कशाला आलात, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "जेरुसलेम आहेच गं. पण एलियाहू इथे आला होता ना, आपल्या गावात."

पूल ओलांडून कोर्लईलाही जाऊन आले. पोर्तुगीज १७४० मध्ये इथून गेले, पण कोर्लईच्या ख्रिस्ती घरांतून त्यांच्या भाषेपासून झालेली बोली अजून चालते. तिला ते 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. चर्चच्या पायरीवर दोघी बायका तिच्यातून भांडत होत्या. एक शब्द कळला नाही, तरी भांडण पूर्ण कळलं.

डोळे मिटताहेत. उद्या पुढे.

हरिहरेश्वर, बुधवार

प्रिय आई,

परवाच्या रात्रीचा राग अजून उतरलेला नाही, तेव्हा आधी तोच लिहिते. जंजिरा होडीतून पाहिला; गर्दी फार. त्यानंतर मुक्कामाला पोचले तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. लॉजवाल्याला आगाऊ पैसे भरलेले, पावती हातात. त्याने माझ्या मागे पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाला, "बरोबर कोण आहे?" कोणी नाही म्हटल्यावर, "एकट्या बाईला आम्ही खोली देत नाही." पावती दाखवली, ओळखपत्र दाखवलं. तो टीव्हीकडे बघत राहिला. मी ४६ वर्षांची आहे, २० वर्षं फोटोंचं हे काम करते आहे आणि पाठीवर १२ किलोचं ओझं घेऊन दारात उभी होते. बसायलासुद्धा सांगितलं नाही त्याने. पैसे परत मिळाले, तेही शंभर रुपये कापून.

एसटी स्टँडवर एक कोळीण रिकामी पाटी घेऊन घरी निघाली होती. मला बसलेली पाहून थांबली. "चल," एवढंच म्हणाली. घरी नेऊन तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. भाकरी तव्यावरून थेट ताटात. चटणीत कांदा भरपूर, आमसूल नुसतं नावाला. तीन भाकऱ्या खाल्ल्या, आणि मग तिने माझं नाव विचारलं! घरधनी आठ दिवसांपासून बोटीवर. एकवीरेच्या तसबिरीपुढे दिवा लावून तिने वात जरा पुढे सारली, आणि पडवीत माझी गादी घातली. सकाळी पैसे घेईना. त्याऐवजी दिव्याजवळ उभ्या राहून एक फोटो काढून घेतला, तो धुऊन पाठवायचा आहे. मला आठवण कर.

इथली प्रदक्षिणा ओहोटीलाच होते. दोन कातळांमधल्या चिंचोळ्या चिरेतून पायऱ्या खाली उतरतात, आणि मग समुद्राच्या कडेने खडकावरून चालायचं. खाऱ्या वाऱ्याने तो खडक मधाच्या पोळ्यासारखा कोरून निघाला आहे. तुझ्या वाटची प्रदक्षिणा घालायला सांगितली होतीस, ती घातली. पण आई, तुझ्यापर्यंत काही पोचलं असं मला वाटलं नाही. खोटं कशाला लिहू? पाय घसरू नये आणि लेन्सवर पाणी उडू नये, एवढंच मनात होतं.

गुहागरजवळ, सोमवार पहाटे

प्रिय आई,

वेसवी आणि दाभोळ, दोन्ही खाड्या फेरीबोटीने ओलांडल्या. मधे केळशीला याकूबबाबांच्या दर्ग्याबाहेर अर्धा तास नुसती सावलीत बसले. ज्या बाईने पाणी दिलं, तिने लगेच मुलं किती ते विचारलं. तुझ्यासारखीच.

आता काजू. इथे ओले काजू शेकड्यावर मिळतात. मला शेकडा २५० पडले. ज्यांच्याकडे उतरले आहे त्या काकूंनी हाताला खोबरेल चोपडून ते विळीवर सोलले, कारण चीक लागला तर कातडी जळते. उसळीला फक्त ओला नारळ, धणे, थोडा गूळ. काजू शिजूनही अख्खा राहतो आणि दाताखाली दुधासारखा विरघळतो. घरी येताना २०० आणणार आहे. तू सोलायचे नाहीत, आधीच सांगते.

काल रात्री पालखी पाहिली. शिमग्यात इथे ग्रामदेवता सहाणेवरून उठते आणि घरोघर जाते. वर्षभर कुलूप असलेली घरंसुद्धा त्यासाठी मुंबईहून येऊन उघडतात, अंगण सारवतात. मी ढोलांच्या मागे धावत होते, अंधार, धुरळा, फोटो निम्मे हललेले. एका घरी ढोल एकदम थांबले. ओसरीवर खाटेवर एक म्हातारी पडून होती, दोन वर्षं उठलेली नाही. पालखी नाचवणाऱ्या पोरांनी ती खांद्यावरून उतरवली, तिरकी करून दारातून आत घेतली आणि खाटेला अगदी टेकवून धरली. घामाने निथळत होती पोरं, पण पालखी इतकीशीही हलू दिली नाही. म्हातारीने चाचपत दांडी शोधली आणि तिच्यावर पंजा ठेवला. नखांत हळद होती. सुनेने देवीची खणानारळाने ओटी भरली. मी विचारलं, फोटो काढू का? म्हातारी म्हणाली, "काढ गो बाय. झिलाला दाखव, तो येऊ शकला नाय."

फोटो काढला. हात आणि दांडी, एवढाच.

चतुःशृंगीच्या पायऱ्या चढवत नाहीत म्हणून दोन वर्षं देवीला गेले नाही, हे तू परवा किती वेळा म्हणालीस! मला तेच ऐकू येत होतं.

मग मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं. आधी म्हातारीचं, तिच्या मुलाचं, गोठ्यातल्या गाईचं. माझ्याकडे वळून विचारलं, "तुमचं काय सांगायचं?" मी घाबरलेच. म्हटलं, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, पुण्याला. त्यांनी नारळ वर धरला आणि खड्या आवाजात म्हणाले: ही पुण्याची लेक आज तुझ्या दारी उभी आहे, तिच्या माउलीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आहे, ती दूर कर आणि तिला पहिल्यासारखं दिसू दे रे म्हाराजा!

आणि अंगणातली सगळी माणसं, तुला कधीही न पाहिलेली, एकदम म्हणाली, "होय म्हाराजा!"

फोटोत हे नाही, म्हणून लिहिलं. नारळाचं भक्कल प्रसाद म्हणून दिलं आहे, ते रुमालात बांधून ठेवलं आहे.

गुरुवारी रात्रीच्या गाडीने निघते. दादाला म्हणावं, स्वारगेटला यायची गरज नाही, रिक्षा करीन.

चिमी, वरचं 'होय म्हाराजा' हळू वाचलं असशील, तर पुन्हा वाच. मोठ्याने.

तुझी,
धाकटी