पाऊण भरलेली गोणी

राष्ट्रीय सेवा योजनेचं काम मी बरीच वर्षं पाहिलं आणि त्यातली बहुतेक वर्षं मला वाटायचं, की शिकणं वर्गात होतं, शिबिरात होतं ते श्रमदान. सात दिवस गावात राहायचं, नेमलेलं काम उरकायचं, दोन वर्षांत २४० तास भरायचे. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेमागे शिक्षणाचा विचार आहे, असं मी दर उद्घाटनाला सांगायचो. मला स्वतःला तो पटलेला नव्हता.

केदारखेड्याच्या शिवारात एका ओढ्यावर आम्ही वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, आत वाळू-माती, तोंडं दाभण-सुतळीनं शिवलेली. गोण्या गच्च भरा, असं मीच मुलांना सांगत होतो. भिंत उभी राहिली, फोटो निघाले, अहवाल गेला.

दोन आठवड्यांनी एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, पाणी अडलंय का ते बघून येऊ या ना." तिच्या हट्टापायी भोकरदनच्या एसटीत बसलो. बंधाऱ्यामागे जेमतेम घोटाभर पाणी होतं. गोण्यांच्या फटीफटीतून धारा लागलेल्या. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की अहवाल तर मंजूर झालाय. आज तो आठवला की लाज वाटते.

शेजारच्या शेतातले आबा खाली उतरले. "गच्च भरली की गोणी गोल होती, पोरी. पाऊण भर, मंग बसती. अन् सांध्यावर सांधा येऊ देऊ नको, वीट रचत्यात तसं रच." काळी चिकणमाती फटीत कशी चोपायची, तेही त्यांनी करून दाखवलं. ती विद्यार्थिनी गुडघाभर चिखलात उभी राहून विचारत होती: विहिरीला पाझर कधी लागेल? हरभऱ्याला एक पाणी निघेल का? खालच्या शेताचं पाणी तर तुटणार नाही ना?

मी भूगोल शिकवतो. पाझर, मातीचे प्रकार हे तिनं माझ्याच पेपरात बिनचूक लिहिलं होतं. पण असा एकही प्रश्न तिनं वर्गात विचारला नव्हता, आणि खालच्या शेताच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. ते आबांनी दिलं.

आता शिबिराचा पहिला दिवस गावकऱ्यांबरोबर शिवार फिरण्यात जातो, आणि पुन्हा जाऊन काम तपासण्याचा वेळही आम्ही सेवेतच धरतो. त्याआधी ज्या गावांत बांधून आलो नि परत फिरकलोच नाही, त्यांची यादी मी जुन्या अहवालांतून काढतो आहे.