थेंबभर रक्ताची साक्ष

वृद्ध माणसाची शुश्रूषा करणाऱ्या घरांत औषधांच्या डबीशेजारी हल्ली आणखी एक वस्तू दिसते, ती म्हणजे ग्लुकोमीटर. बोटाला सुई टोचावी, पट्टीच्या टोकाला रक्त लावावे आणि काही सेकंदांत आकडा वाचावा, इतके ते सोपे झाले आहे. माझ्या वृद्ध आईचा मधुमेह सांभाळताना मला त्या पट्टीविषयी कुतूहल वाटू लागले आणि त्यातूनच एका प्राध्यापकांच्या कार्याचा परिचय झाला.

आमच्या गोंदियाहून नागपूर रेल्वेने काही तासांवर. तेथील विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून, म्हणजेच आजच्या व्हीएनआयटीतून, रोहित श्रीवास्तव यांनी १९९९ साली इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली. आमचा जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तेही हेच वर्ष. पुढे अमेरिकेतील लुईझियाना टेक विद्यापीठात त्यांनी जैववैद्यकीय अभियांत्रिकीत पीएच.डी. केली. तेथे त्यांच्यापुढचा प्रश्न नाजूक होता. साखर ओळखणारे विकर, म्हणजे एन्झाइम, फार हळवे असते. ते टिकवावे कसे? समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या सूक्ष्म गोलकांत ते साठवायचे आणि वर अतिशय पातळ थर चढवून ते गळू द्यायचे नाही, या दिशेने त्यांनी संशोधन केले.

नंतर मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक झाल्यावर त्यांनी सामान्य घराला परवडतील अशी निदानयंत्रे घडवण्याकडे लक्ष वळवले. परदेशी पट्ट्यांचा खर्च अनेकांना वारंवार तपासणी करू देत नसे. त्यावर उपाय म्हणून आयआयटी मुंबईत विकसित झालेले ‘सुचेक’ हे देशी ग्लुकोमीटर २०१४ साली लोकांपुढे आले. २०२१ साली वैद्यकशास्त्रातील शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार त्यांना जाहीर झाला. इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवीधराला वैद्यकशास्त्राचा सन्मान मिळावा, यातच या विद्याशाखेचे मर्म आहे.

पट्टीचे तत्त्व जुने आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ लेलँड क्लार्क यांनी १९६२ साली विकराच्या साहाय्याने साखर मोजण्याची कल्पना मांडली. पट्टीवरील विकर रक्तातील ग्लुकोजशी क्रिया करते, तीतून अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि यंत्र त्याचे आकड्यात रूपांतर करते. आजच्या बहुतेक पट्ट्यांना लिटरच्या दशलक्षांशाएवढेही रक्त पुरते.

या सूक्ष्म साक्षीचे मोल मला एका चतुर्थीच्या रात्री कळले. आईने दिवसभर उपवास केला होता, गोळी मात्र घेतली होती. मध्यरात्री ती असंबद्ध बोलू लागली. अंग घामाने भिजले होते. वयाचा विसराळूपणा म्हणून कोणीही दुर्लक्ष केले असते. यंत्राने आकडा दाखवला, ५४. ती शुद्धीवर होती आणि तिला गिळता येत होते, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली. पंधरा मिनिटांनी आकडा ८८ झाला आणि “इतक्या रात्री दिवा कशाला लावलास गं?” असे तिने मला विचारले. नंतर डॉक्टरांनी गोळीची मात्रा कमी केली.

वाचकहो, साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती धोक्याची खूण समजावी. वृद्धांमध्ये ती गोंधळ, चक्कर किंवा चिडचिड या रूपाने प्रकटते. रुग्ण बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

साक्ष खरी हवी तर साक्षीदार जपावा लागतो. आमच्याकडच्या वैशाखात पत्र्याखालची खोली भट्टीसारखी तापते; तेथे ठेवलेल्या पट्ट्यांतील विकर निकामी होऊ शकते. पट्ट्या मूळ डबीतच, झाकण घट्ट लावून, घरातील थंड व कोरड्या जागी ठेवाव्यात, फ्रीजमध्ये नव्हे. मुदत पाहावी. आंबा चिरलेल्या वा मोहफुले हाताळलेल्या बोटावर साखर उरते आणि आकडा फुगतो. म्हणून हात धुऊन कोरडे करावेत. प्रयोगशाळेच्या आकड्याशी पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक प्रमाणित यंत्रातही संभवतो. त्याने घाबरू नये.

विदर्भातील कुटुंबांसाठी एक गोष्ट विशेष महत्त्वाची. आपल्याकडे सिकलसेल बराच आढळतो. या आजारात तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात, त्यामुळे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी साखर प्रत्यक्षाहून कमी दाखवू शकते. उलट, तीव्र रक्तक्षयात अनेक ग्लुकोमीटर आकडा जास्त दाखवतात. घरात सिकलसेल किंवा रक्तक्षय असेल तर मधुमेहाच्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. कोणत्या तपासणीवर विसंबायचे ते त्यांना ठरवता येईल.

प्रयोगशाळेत प्राध्यापकाने ज्या विकराला जपण्यासाठी वर्षे वेचली, त्याला शेवटच्या टप्प्यावर जपायचे काम आपल्या हाती आहे. त्यासाठी पदवी लागत नाही. धुतलेले हात, झाकलेली डबी आणि तारीख-वेळेसह आकडे टिपलेली एक वही पुरते. पुढच्या भेटीला ती वही डॉक्टरांसमोर अवश्य उघडा.